पाऊस, ऊन आणि हवा यांचें मोजमाप



पावसाळ्याच्या दिवसांत सकाळचें वर्तमानपत्र उघडलें कीं पहिल्या पानावर एक आंकडा असतो. गेल्या चोवीस तासांत कुलाब्यास इतके मिलिमीटर पाऊस झाला, सांताक्रूझला इतके. आपण तो चहा घेतां घेतां वाचतों, आणि 'पुष्कळच झाला हो' किंवा 'अजून म्हणावा तसा नाहीं' एवढें बोलून पान उलटतों. हा आंकडा कोठून आला, कोणीं घेतला आणि तो नेमका कोणत्या जागेविषयीं बोलतो, हें विचारावें असें सहसा आपल्या मनांत येत नाहीं. आज ह्या आंकड्याविषयीं, आणि त्याच्याच कुळांतल्या दुसऱ्या दोन आंकड्यांविषयीं, म्हणजे उन्हाच्या आणि हवेंतल्या धुळीधुराच्या मापाविषयीं, चार शब्द सांगावे असा विचार आहे. आपण उष्ण कटिबंधांत राहतों. मोजण्याचीं बहुतेक उपकरणें मात्र थंड देशांत जन्मास आलीं. त्यामुळें येथें मोजमापाची एक निराळीच अडचण उभी राहते, आणि तिचा परिणाम शास्त्रज्ञांच्या वह्यांपुरता राहत नाहीं. तो शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईपर्यंत, किंबहुना शहरांतल्या माणसाच्या जिवापर्यंत जाऊन पोंचतो.

प्रथम पाऊस. मिलिमीटर म्हणजे काय? पडलेलें पाणी वाहून गेलें नसतें, जमिनींत मुरलें नसतें, त्याची वाफ झाली नसती आणि तें जागच्या जागीं उभें राहिलें असतें, तर त्याची जी उंची झाली असती ती. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडलें. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटर पाणी, म्हणजे एक भला मोठा टँकर, आपल्या डोक्यावर रिता झाला असें समजावें.

हें मोजण्यास सरळ भिंतींचें, सपाट बुडाचें कोणतेंही भांडें चालतें. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराजवळ एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, रुंद तोंडाचें भांडें पावसाच्या मापासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे, आणि कोणत्या देशांत किती द्रोण पाऊस पडतो याचे आंकडेही दिले आहेत. मौज अशी कीं जांगल देश, अश्मक, अवंती या सर्वांचे आंकडे त्यांत आहेत. परंतु अपरांताची, म्हणजे आपल्या कोंकणाची, पाळी आली तेव्हां ग्रंथकारानें हात टेकले आणि तेथला पाऊस मोजदादीपलीकडचा आहे असें म्हणून तो पुढें गेला. कोंकणांत ज्यांनीं एखादा आषाढ काढला आहे त्यांस यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं.

आजचा पर्जन्यमापक त्या भांड्याचाच वंशज आहे. आपल्या हवामान खात्याच्या नेहमींच्या पर्जन्यमापकाचें तोंड दोनशें चौरस सेंटिमीटरांचें असतें, म्हणजे जेवणाच्या ताटाहून पुष्कळ लहान. आंत नरसाळें, त्याखालीं पाणी सांठविण्याची बाटली. नरसाळें अशासाठीं कीं सांठलेल्या पाण्यास उघड्या हवेचा स्पर्श कमी व्हावा आणि त्याची वाफ होऊं नये. आपल्या उन्हांत सकाळीं पडलेली चार मिलिमीटरांची सर उघड्या भांड्यांत संध्याकाळपर्यंत पुरती टिकत नाहीं. तोंडाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच ठेवतात. त्याहून खालीं ठेवली तर जमिनीवर आपटून उडालेले थेंब आंत जातात. फार उंच नेली तर वारा आडवा येतो. रोज सकाळीं साडेआठ वाजतां निरीक्षक येतो, बाटलींतलें पाणी खुणा केलेल्या कांचेच्या मापांत ओततो आणि आंकडा वहींत लिहितो. हा आंकडा वाचनाच्या दिवसाच्या तारखेस लिहिला जातो. म्हणून मंगळवारीं दुपारीं कोसळलेला पाऊस बुधवारच्या तारखेखालीं सांपडतो, आणि पुष्कळांचा वाद एवढ्यावरूनच माजतो.

वारा आडवा येतो म्हणजे काय, याची एक जुनी हकीगत आहे. १७६६ सालीं लंडनमध्यें विल्यम हेबर्डन नांवाच्या वैद्यानें तीन पर्जन्यमापक ठेवले. एक बागेंत जमिनीलगत, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध मंदिराच्या उंच माथ्यावर. वर्षअखेर पाहतां माथ्यावरच्या भांड्यांत बागेंतल्या भांड्याच्या निम्म्याच्या आसपासच पाणी जमलेलें आढळलें. पाऊस तर एकच! मग खालीं येतां येतां थेंब वाढतात कीं काय, अशा नाना तर्कांत जवळजवळ एक शतक गेलें. शेवटीं १८६१ सालीं विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यानें खरें कारण दाखविलें. हाच गृहस्थ पुढें अर्थशास्त्रज्ञ म्हणून नांवाजला. भांडें स्वतःच वाऱ्यास अडवितें, त्याच्या तोंडावर भोंवरे उठतात आणि बारीक थेंब बाजूस उडून जातात. पाऊस कमी पडला नव्हता. भांड्यानें तो कमी झेलला होता. म्हणून पर्जन्यमापक मोकळ्या जागीं, झाड असो वा भिंत असो, अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा असा नियम झाला. आपल्याकडे सरकारी कचेरीच्या आवारांत ठेवलेल्या किती पर्जन्यमापकांस हा नियम आज लागूं पडत असेल, हें सांगणें अवघड आहे. भांडें बसविलें तेव्हां शेजारीं लावलेलें रोप आतां पिंपळ होऊन बसलेलें असतें.

आतां उष्ण कटिबंधाची गोष्ट. थंड देशांतला पाऊस पुष्कळदां मंद, दिवसभर भुरभुरणारा आणि विस्तीर्ण प्रदेशावर सारखा पसरलेला असतो. आपला पाऊस उंच ढगांतून, मोठाल्या थेंबांनीं, थोड्या वेळांत आणि थोड्या जागेवर कोसळतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला यंत्रावर. आपोआप नोंद करणारा एक जुना पर्जन्यमापक असा असतो कीं आंतलें पाणी दहा मिलिमीटर भरलें कीं तें वक्रनलिकेनें भसकन् रिकामें होतें आणि लेखणी पुन्हां शून्यावर येते. तासाला शंभर मिलिमीटरांच्या वेगानें पाऊस लागला म्हणजे हें भांडें तासांत दहा वेळां रिकामें होणार. आणि रिकामें होत असतां पडणारें पाणी नोंदीवांचून जाणार. नव्या यंत्रांत दोन लहान पळ्या तराजूसारख्या जोडलेल्या असतात. एक भरली कीं कलंडते आणि दुसरी पुढें येते. प्रत्येक कलंडण्याची विजेनें मोजणी होते. रिमझिम पावसांत हें यंत्र उत्तम चालतें. मुसळधार पावसांत मात्र पळी कलंडत असतांच पाणी चुकतें, आणि यंत्र खऱ्याहून कमी सांगतें. म्हणजे जेव्हां बरोबर मोजण्याची खरी निकड असते, नेमकें तेव्हांच तें मागें पडतें.

दुसरा परिणाम जागेचा. महाबळेश्वरास वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; तेथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरांवर वाईस गेलें कीं तो एक हजारही भरत नाहीं. डोंगरामुळें होणारा हा फरक तरी कायमचा आणि ओळखीचा आहे. मैदानांत किंवा शहरांत एकाच दिवशीं होणारा फरक कोणास आधीं सांगतां येत नाहीं.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांस विसरतां येणार नाहीं. दुपारीं दोननंतर उत्तर मुंबईवर पाऊस कोसळूं लागला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांची नोंद झाली ती ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती ७३ मिलिमीटर! दोन्ही वेधशाळा एकाच शहरांत, एकमेकींपासून पंचवीस किलोमीटरांच्या आंत. दोहोंचीं यंत्रें चांगलीं, दोहोंचे निरीक्षक शिकलेले. कोणाचेंही कांहीं चुकलें नव्हतें. दक्षिण मुंबईंत कचेऱ्यांत बसलेल्या लोकांस खिडकींतून जुलैमधला नेहमींचा पाऊस दिसत होता, आणि तेच लोक संध्याकाळीं घरीं जाण्यास निघाले तेव्हां मिठी नदीच्या कांठीं घरें बुडत होतीं. त्या आपत्तींत शेंकडों माणसें दगावलीं. तेव्हां शहरांतल्या दोन वेधशाळांवरून उपनगरांच्या वस्तीवस्तींत तासातासाला काय चाललें आहे हें वेळेवर कळण्यास साधनच नव्हतें. पुढें माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली, आणि मुंबईच्या निरनिराळ्या विभागांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यांत आले. आतां दर पंधरा मिनिटांचा पाऊस कळूं शकतो. पूर त्यानें थांबत नाहीं हें खरें. परंतु रस्ता केव्हां बंद करावयाचा आणि शाळा केव्हां सोडावयाची याचा निर्णय अंधारांत घ्यावा लागत नाहीं.

शहराची ही गोष्ट, तर खेड्याची याहून बिकट. आपल्या महाराष्ट्रांत पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी मदत द्यावयाची तर अतिवृष्टि झाली कीं नाहीं हें ठरविण्याची रूढ कसोटी अशी आहे कीं महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला पाहिजे. पूर्वीं हा पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरींत असे. गेल्या दशकांत 'महावेध' या योजनेखालीं मंडळामंडळांत स्वयंचलित केंद्रें आलीं, आणि त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. ही सुधारणा लहान नव्हे. तरी एक हिशेब करून पाहूं. एका केंद्राच्या वांट्यास दीडशें चौरस किलोमीटर मुलूख येतो असें धरलें, आणि भांड्याचें तोंड दोनशें चौरस सेंटिमीटर धरलें, तर तें भांडें आपल्या तोंडाच्या साडेसातशें कोटी पट जमिनीच्या वतीनें बोलतें. आमच्या पावसाची एक सर दोन-चार किलोमीटरांची असूं शकते. एखाद्याच्या शिवारांत बांध फुटून सोयाबीन वाहून गेलें, आणि केंद्रावर मात्र बासष्ट मिलिमीटरच भरले. तर कागदोपत्रीं तेथें अतिवृष्टि झालीच नाहीं. अशा वेळीं तो शेतकरी यंत्रास खोटें म्हणतो, कचेरी शेतकऱ्यास खोटें म्हणते, आणि वस्तुतः दोघेही आपआपल्या जागेपुरते खरें बोलत असतात. माझ्या मतें पासष्टाचा आंकडा सुरीच्या पात्यासारखा चालविण्यापेक्षां त्याच्या आसपासच्या नोंदी आल्या असतां प्रत्यक्ष शेत पाहण्याची तरतूद सढळ असावी. यंत्राची जेवढी ऐपत नाहीं तेवढी सूक्ष्मता त्याच्याकडून मागणें हा यंत्रावरही अन्यायच आहे.

कोणी म्हणेल, आतां उपग्रह आहेत, रडार आहेत, मग हीं भांडीं हवींत कशाला? उष्ण कटिबंधांतला पाऊस अवकाशांतून मोजण्यासाठींच अमेरिका व जपान यांनीं मिळून १९९७ सालीं एक खास उपग्रह सोडला होता, आणि २०१५ पर्यंत त्यानें फार मोलाचें काम केलें. समुद्रावर जेथें भांडें ठेवणें शक्य नाहीं तेथला पाऊस त्यामुळेंच कळला. परंतु उपग्रह पाणी मोजीत नाहीं. ढगांतून येणाऱ्या लहरींवरून पावसाचा अंदाज बांधतो. आपल्या सह्याद्रीवर फारसे उंच नसलेले ढग विलक्षण पाऊस देतात, आणि असा पाऊस उपग्रहाच्या अंदाजांत पुष्कळदां कमी भरतो. अंदाज सुधारावयाचा तर तो कशाशीं तरी ताडून पाहिला पाहिजे. तें 'कशाशीं तरी' म्हणजे पुन्हां जमिनीवरचें भांडेंच.

आतां उन्हाकडे वळूं. पावसास भांडें तरी आहे. ऊन झेलावें कशांत? पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरावर सुमारें १३६१ वॅट इतकी शक्ति येते. स्वच्छ दिवशीं भर दुपारीं त्यांतली हजारएक वॅट जमिनीपर्यंत पोंचते. बाकीची ढग, वाफ, धूळ आणि धूर वाटेंत अडवितात किंवा विखरून टाकतात. ती मोजण्याची एक जुनी युक्ति फार सुंदर आहे. भरीव कांचेचा एक गोळा, आणि त्याच्या पाठीमागें जाड कागदाची पट्टी. सूर्य तळपत असला कीं गोळ्यांतून एकवटलेलें ऊन कागदास जाळीत जातें, आणि संध्याकाळीं जळलेल्या रेषेची लांबी पाहून ऊन किती तास होतें तें कळतें. परंतु यांत उन्हाचे तास कळतात, उन्हाचा जोर कळत नाहीं. शिवाय दमट हवेच्या प्रदेशांत सकाळीं गोळ्यावर दंव असतें, पावसाळ्यांत कागद भिजलेला असतो, आणि खरें ऊन पडलें असूनही रेषा उमटत नाहीं.

जोर मोजावयाचा तर दुसरें यंत्र लागतें. काळ्या रंगाची एक तबकडी, तिच्याखालीं दोन भिन्न धातूंचे बारीक सांधे, आणि वर कांचेचे दोन घुमट. काळी तबकडी उन्हानें तापते, सांध्यांत अगदीं किंचित् विद्युत्दाब उत्पन्न होतो, व्होल्टाच्या हजाराव्या भागांनीं मोजण्याइतका, आणि तो मोजून उन्हाची शक्ति ठरवितात. घुमट अशासाठीं कीं वाऱ्यानें तबकडी थंड होऊं नये. ह्या घुमटावर धूळ बसली, कावळ्यानें घाण केली किंवा दंव राहिलें तर आंकडा उतरतो. सूर्य काय तेवढाच असतो. म्हणून उजाडतां घुमट मऊ फडक्यानें पुसणें हें ह्या शास्त्रांतलें एक मुख्य कर्तव्य आहे, आणि तें ज्यास क्षुल्लक वाटतें त्यानें ह्या कामांत पडूं नये.

येथें एका विदुषीचें नांव घेणें अवश्य आहे, कारण तिचें बरेंचसें काम आपल्या पुण्यांतच झालें. अॅना मणी यांचा जन्म १९१८ सालीं त्रावणकोर संस्थानांत पीरमेड येथें झाला. बंगलोरास सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं हिरे आणि माणकें यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केलें. १९४५ सालीं त्या विलायतेस गेल्या आणि तेथें हवामानाच्या उपकरणांचा विषय त्यांनीं घेतला. १९४८ सालीं परत येऊन त्या पुण्यास हवामान खात्याच्या उपकरण विभागांत रुजू झाल्या. तोंपर्यंत आपल्याकडे अगदीं साधीं उपकरणेंही बाहेरून येत. मणीबाईंनीं शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणबद्ध करून तीं येथें तयार होतील अशी व्यवस्था लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानें सूर्याचें विकिरण मोजणारीं केंद्रें देशांत उभीं केलीं. अनेक वर्षांच्या त्या नोंदी एकत्र करून त्यांनीं १९८० सालीं भारतांतील सौर विकिरणाच्या आंकड्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज आपल्या गच्चीवर पाणी तापविण्याचें किंवा वीज करण्याचें सौरयंत्र बसवितांना तंत्रज्ञ जो हिशेब सांगतो, त्याचा पाया अशा ग्रंथांनीं घातला आहे. त्या २००१ सालीं वारल्या.

उपकरण एकदां बनविलें म्हणजे झालें असें नव्हे. काळी तबकडी वर्षानुवर्षें उन्हांत राहून विटते, आणि मग तें यंत्र हळूहळू कमी सांगूं लागतें. म्हणून प्रत्येक यंत्र अधूनमधून श्रेष्ठ यंत्राशीं ताडून पाहावें लागतें. आपल्या भागाचें असें केंद्र पुण्यास आहे. आणि पुण्याचीं यंत्रें स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस येथें जपलेल्या जागतिक प्रमाण यंत्रांशीं ताडलीं जातात. राजस्थानांत घेतलेला उन्हाचा आंकडा आणि आफ्रिकेंत घेतलेला आंकडा शेजारीं शेजारीं मांडतां येतात ते ह्या साखळीमुळें.

आणि घरांतल्या गृहिणींस ह्यांतली एक गोष्ट यंत्रावांचूनच ठाऊक आहे. मळभ आलेल्या दिवशीं उजेड भरपूर असतो, तरी पापडकुरडया नीट वाळत नाहींत. सरळ येणारें ऊन आणि ढगाधुरांत विखरून सर्व बाजूंनीं येणारा उजेड हीं दोन वेगळीं आहेत. शास्त्रज्ञही त्यांस वेगवेगळें मोजतात. यंत्रावर एक पट्टी अशी बसवितात कीं सूर्यबिंब तेवढें झांकलें जावें, आणि उरलेला उजेडच आंत यावा.

तिसरा विषय हवेचा. येथें आपण ज्यास धूळ म्हणतों ती डोळ्यांस दिसणारी धूळ फारशी घातक नाहीं. ती नाकांत अडते. अडीच मायक्रॉनांहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे, फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें कीं अशा कणांची वर्षाची सरासरी घनमीटरामागें ५ मायक्रोग्रॅमांहून अधिक नसावी. आपल्या देशांत २००९ मध्यें ठरविलेली मर्यादा ४० आहे. ह्या दोन आंकड्यांमधलें अंतरच आपली स्थिति सांगण्यास पुरेसें आहे.

हे कण मोजण्याची मूळ रीत वजनाची. गाळणीचा एक कागद तोलावयाचा, त्यांतून दिवसभर ठराविक हवा ओढावयाची, आणि पुन्हां तोलावयाचा. रीत पक्की, पण उत्तर मिळावयास दिवस लागतो. दुसऱ्या यंत्रांत कागदावर सांचलेल्या कणांमुळें बीटा किरण किती अडतात तें पाहून तासातासाला माप घेतात. आणि अलीकडे हातांत मावतील अशीं स्वस्त यंत्रेंही मिळतात. तीं कणांवर प्रकाश टाकून तो किती विखुरतो एवढेंच पाहतात. आपल्या दमट हवेंत नेमकी येथेंच मेख आहे. कण ओलावा शोषून फुगतात, फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो, आणि मुंबईच्या एखाद्या ओलसर पहांटे स्वस्त यंत्र खऱ्याच्या कितीतरी वर आंकडा दाखवितें. चांगल्या यंत्रांत हवा आंत घेतांना ती थोडी तापवून कोरडी करतात. आपण असें लहान यंत्र घरीं आणलें असेल तर तें कालच्यापेक्षां आज काय, एवढें पाहण्यास उपयोगी आहे. पावसाळी दिवसांतला त्याचा आंकडा मात्र शेजाऱ्याशीं वाद घालण्यास घेऊं नये.

हवेच्या मापासही जागेचा प्रश्न सुटलेला नाहीं. बागेंत ठेवलेलें यंत्र बागेची हवा सांगतें, चौकांतलें चौकाची. याचें सर्वांत बोलकें उदाहरण गुजराथेंतलें आहे. कर्क स्मिथ नांवाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनीं तेथल्या चार खेड्यांत अभ्यास केला, व तो १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं यंत्र गांवाच्या चावडीवर ठेवलें नाहीं. लांकडें आणि गोवऱ्या जाळून स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच लहान यंत्रें बांधलीं. तेव्हां असें दिसलें कीं स्वयंपाकाच्या वेळीं त्यांच्या श्वासांतल्या हवेंत घनमीटरामागें हजारों मायक्रोग्रॅम धूर होता. त्या काळच्या जगांतल्या गलिच्छ मानलेल्या शहरांसही असला आंकडा सहसा गांठतां येत नसे. हवेचें प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असें मानणाऱ्या सर्वांस हा मोठाच धक्का होता. खेड्याची हवा स्वच्छ म्हणून आपण गौरव करीत होतों, आणि माजघरापलीकडे चुलीपुढें बसलेल्या बाईकडे कोणीं माप घेऊन गेलेंच नव्हतें.

पाऊस, ऊन आणि धूर हे तीन विषय मीं एकत्र घेतले, कारण आकाशांत ते एकत्रच आहेत. पाऊस हवेंतले कण धुवून खालीं आणतो. आपली हवा आषाढ-श्रावणांत निवळते आणि मार्गशीर्षांत पुन्हां गढूळ होते. ती गढूळ हवा ऊन अडविते. १९९९ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मालदीव बेटांवर तळ ठोकून हिंदी महासागरावरची हवा तपासली. त्यांचे एक अग्रणी वीरभद्रन् रामनाथन हे होते. जमिनीपासून शेंकडों किलोमीटर दूर, भर समुद्रावर, दक्षिण आशियाच्या चुलींचा, गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर पसरलेला त्यांस आढळला, आणि त्यामुळें समुद्रावर पोंचणारें ऊन घटलेलें दिसलें. ऊन घटलें तर समुद्रावरून वाफ कमी निघते, आणि मोसमी पावसाचें इंधन म्हणजे ती वाफच. पुढें पुण्याच्याच संशोधकांनीं १९८१ ते २००४ या काळांतल्या देशांतल्या बारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां जमिनीवर पोंचणारें ऊन त्या काळांत कमी कमी होत गेल्याचें दिसून आलें. मणीबाईंनीं घालून दिलेल्या शिस्तीनें तीं यंत्रें पुसलीं गेलीं नसतीं, ताडलीं गेलीं नसतीं, तर ही घट सूर्यप्रकाशाची कीं घुमटावरच्या धुळीची, हें कोणास सांगतां आलें नसतें.

ज्या श्रोत्यांच्या घरीं अंगण किंवा मोकळें परसूं आहे त्यांनीं येत्या पावसाळ्यांत एक प्रयोग करून पाहावा. सरळ भिंतींचा, रुंद तोंडाचा एक कांचेचा डबा घ्यावा. भिंतीपासून आणि झाडापासून दूर, विटांच्या लहान ओट्यावर तो पक्का बसवावा. गच्चीवर ठेवूं नये, तेथें हेबर्डनसाहेबांचा वारा आहे. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाण्याची उंची मोजावी, पाणी ओतून द्यावें आणि आंकडा वहींत लिहावा. मग तो वर्तमानपत्रांतल्या आंकड्याशीं ताडून पाहावा. दोन्ही जुळणार नाहींत. किती जुळत नाहींत तेंच पाहण्यासारखें आहे. मुलांस ह्या कामीं लावल्यास उत्तम. मात्र त्यांस एक सांगून ठेवावें कीं पाऊस न पडलेल्या दिवशींही वहींत शून्य लिहावयाचें. रकाना कोरा राहिला तर तो दिवस कोरडा गेला कीं कोणी पाहावयास गेलेंच नाहीं, हें पुढें कळत नाहीं.